पुढे सात, मागे चार

करंजाडे येथील आमच्या सोसायटीचे रहिवासी श्री. एफ्राइम अष्टमकर यांच्या पत्नी हदासावहिनी यांच्या मणक्यातली एक चकती गेल्या वर्षी जागेवरून सरकली. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार रोडपालीला फिजिओथेरपी. आणि धक्के पूर्ण बंद, नाहीतर ऑपरेशन. पहिली गोष्ट केली की दुसरी मोडत होती, कारण करंजाडे ते रोडपाली या रस्त्यावर एकेचाळीस खड्डे होते. अष्टमकर बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांनी ते दोनदा मोजले होते.

त्यांनी रस्ते समाधान कक्षाकडे रीतसर अर्ज केला. सोसायटीतल्या त्रेसष्ट जणांनी त्यावर सह्या केल्या. सेक्रेटरी या नात्याने माझी सही पहिली होती आणि ती मी जरा मोठीच केली होती. कक्षाकडून पोच आली, पोचेवर क्रमांक पडला आणि अर्ज विचाराधीन झाला. चकती मात्र थांबायला तयार नव्हती. रस्ता सुधारत नसेल तर गाडी सुधारावी, असं ठरवून अष्टमकर आनंदाच्या गॅरेजमध्ये गेले.

आनंदा उरणचा, कोळ्याघरचा. आधी बंदरातल्या ट्रेलरच्या स्प्रिंगचे पाटे दुरुस्त करायचा, आता गाड्यांचे धक्के शोषणारे शॉकअप बसवतो. त्याने गाडीचा एकेक कोपरा दाबून पाहिला आणि विचारलं, "साहेब, आराम पायजे का पकड? आराम घेतलात तर गाडी वलनावर होडीवानी झुलंल. पकड घेतलीत तर रस्त्यावरचा खडा न् खडा वयनींच्या कमरेला कलंल. दोनी पुरं नाय मिलत."

तिसऱ्या मजल्यावरच्या हितेशला मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून गाड्यांमधलं सगळं कळतं. त्याने पकड घ्यायला सांगितलं. गाडी वळणावर रस्त्याला चिकटून जाऊ लागली आणि वहिनी एकेचाळीस वेळा कळवळल्या. मग पूर्ण आराम बसवला. धक्के गेले, पण हायवेच्या वळणावर गाडी अशी झुलली की वहिनींना पिशवी मागावी लागली. शेवटी आनंदाने चावी फिरवून कमीजास्त कडक करता येणारे शॉकअप आणले. मागच्या सीटवर वहिनींच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा स्टीलचा पेला दिला आणि स्वतः गाडी चालवून दोन दिवस खेपा मारल्या. चहा सांडला की चावीचे दोन टिक सैल करायचे, गाडी कलली की एक टिक आवळायचा. सहाव्या खेपेला, पुढे सात आणि मागे चार टिकांवर, चहाही राहिला आणि गाडीही सरळ राहिली. आता याला कोणी हात लावायचा नाही, असं आनंदाने बजावलं. त्या संध्याकाळी वहिनी पाच महिन्यांनी मोकळेपणी हसल्या. मी तिथेच होतो आणि मला मनापासून बरं वाटलं.

यानंतर अर्जावर विचार झाला.

पाहणीसाठी कक्षाचे निरीक्षक कल्पेशसाहेब आले. कक्षाची जीप एका खड्ड्यात एक्सल तुटून पडलेली असल्यामुळे नियमानुसार वाहन तक्रारदाराने पुरवायचं होतं. साहेब मागच्या सीटवर बसले. अष्टमकरांनी अगत्याने त्यांना त्याच पेल्यात चहा दिला. चूक झाली ती इथे. पण दारी आलेल्या साहेबाला चहाशिवाय कोण पाठवतो? गाडी रोडपालीला जाऊन परत आली. साहेबांनी पेल्यात पाहिलं आणि अहवाल लिहिला: "तक्रारदाराच्या वाहनातून, तक्रारदारानेच दिलेल्या चहासह पाहणी केली. चहा सांडला नाही. सबब खड्डे आढळून आले नाहीत. तक्रार निकाली."

अष्टमकर म्हणाले, साहेब, एकदा खाली उतरून नुसतं बघा तरी.

"डोळ्यांचं काय आहे, अष्टमकर," साहेब शांतपणे म्हणाले, "ते प्रत्येकाचे वेगळे असतात. चहा सगळ्यांना सारखा."

कक्षाला ही पद्धत फार आवडली. मोजण्याचं साधन नाही म्हणून शेकडो अर्ज पडून होते. आता साधन मिळालं. अष्टमकरांची गाडी 'प्रमाण वाहन' म्हणून घोषित झाली आणि दर सोमवार, बुधवार, शुक्रवार चालकासह हजर करण्याचा आदेश निघाला. चालक म्हणजे अष्टमकर. त्यांनी विनंती केली की शनिवारी न्या, शनिवारी आम्हा ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार असतो, मी गाडी काढत नाही, हवं तर चालक तुमचा ठेवा. कक्षाने या सर्वधर्मसमभावाबद्दल लेखी आभार मानले; मात्र शनिवारी कार्यालयाला सुट्टी होती. मंगळवार आणि गुरुवार अहवाल लिहिण्यासाठी राखून ठेवले होते. महिनाभरात तालुक्यातले खड्डे एकेक करून निकाली निघाले. फिजिओथेरपीचे वार बदलून मिळेनात, म्हणून वहिनी रोडपालीला रिक्षाने जाऊ लागल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांना जेवायलाही धड बसता येईना.

तेव्हा अष्टमकरांनी आयुष्यातली पहिली लबाडी केली. आनंदाकडे जाऊन चारही शॉकअप पार कडक करून घेतले. सोमवारी पहिल्याच खड्ड्यात चहा साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर गेला. अष्टमकर आशेने मागे वळले. साहेबांनी रुमालाने शर्ट टिपत लिहिलं: "प्रमाण वाहनात बिघाड. रस्ता पूर्वीप्रमाणेच उत्तम." शासकीय साधनाशी छेडछाड केल्याबद्दल नोटीस निघाली. आनंदाला बोलावून शॉकअप पुन्हा सात आणि चारवर आणले गेले आणि चावीच्या जागी लाखेचं सील ठोकलं गेलं. तेव्हापासून गाडी कक्षाच्याच आवारात, कक्षाच्याच चालकाकडे राहू लागली.

मग कक्षाचं परिपत्रक आलं. प्रमाण वाहनाला धक्के बसत नाहीत. सबब ज्या नागरिकांना बसतात, त्यांच्या वाहनातच दोष आहे. त्यांनी आपली वाहने पुढे सात, मागे चार अशी करून घ्यावीत. आमच्या सोसायटीत दोन दिवस यावर हशा पिकला. तिसऱ्या दिवशी आनंदाच्या गॅरेजसमोर रांग लागली. माझा नंबर चौथा होता, हितेशचा पहिला. खोटं कशाला बोलू, गाडी लोण्यासारखी चालते.

पुढे कक्षाने 'जनसमाधान दिन' साजरा केला. एका सामान्य नागरिकाला प्रमाण वाहनातून फिरवायचं होतं, त्यासाठी वहिनींची निवड झाली. तीन महिन्यांनी त्या स्वतःच्या गाडीत बसल्या. फेरी संपल्यावर साहेबांनी अदबीने विचारलं, "ताई, काही जाणवलं का?"

"गाडीत बसलं की काहीच जाणवत नाही," वहिनी म्हणाल्या. "खाली उतरलं की सगळं जाणवतं."

यातलं पहिलं वाक्य नोंदवण्यात आलं.

गेल्या आठवड्यात अष्टमकरांनी दुसरा अर्ज लिहिला आणि तो घेऊन ते त्याच त्रेसष्ट दारांवर गेले. सगळ्यांनी बसवलं, पाणी दिलं, वहिनींची चौकशी केली. सही कोणी केली नाही. खोट्या अर्जावर सही कशी करणार, आम्हाला आता खरंच धक्के बसत नाहीत. माझ्याकडे ते सकाळी, सगळ्यात शेवटी आले. मी पार्किंगमध्ये गाडी काढत होतो. वहिनी गेटपाशी रिक्षात बसल्या होत्या, पुढचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून. ऑपरेशनची तारीख पडली होती आणि तोवर तरी रस्ता बरा हवा होता.

"सेक्रेटरी," अष्टमकर म्हणाले, "मागच्या वेळी तुमची सही पहिली होती."

मला लाज वाटली. कागद हातात घेऊन मी तो दोनदा वाचला आणि म्हणालो की विषय पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ. त्यांनी कागदाची घडी केली आणि ते रिक्षात वहिनींच्या शेजारी जाऊन बसले.

मीही त्याच रस्त्याने निघालो. पुढे ती रिक्षा खड्ड्याखड्ड्यात उडत होती आणि दर खड्ड्याला मागच्या काचेतून वहिनींचं डोकं वर येऊन खाली जात होतं. माझा चहा शेजारी होल्डरमध्ये होता. रोडपाली येईपर्यंत त्यातला एक थेंबही सांडला नाही.

हे वाचताना कदाचित तुमच्याही हातात चहा असेल. सांडला का?