पानामागचा कापूस

“सारजे, पाणी दिवसाआड घाल. आन् रोज पानाच्या मागनं बघत जा. पुढनं समदीच चांगली दिसत्यात!”

लेकीच्या, कशिशच्या, बाळंतपणाला जुन्नरला निघालेली ताजबी एवढं बोलली आणि आपली लाल जास्वंद कुंडीसकट शेजारच्या सारजाबाईंच्या ओसरीवर ठेवून गेली. सारजाबाईंच्या गणपतीला दर चतुर्थीला याच झाडाचं फूल जायचं.

“शब्द दिला!” सारजाबाई म्हणाल्या. मग हळूच नवऱ्याला, सोनबांना, “सोळा सोमवार पार पाडलेली बाई मी. एक कुंडी जड व्हनार हाय व्हय?”

झाडाला रोज हळदकुंकू, वर प्रदक्षिणा! पानामागं बघायचं तेवढं राहून गेलं. कारण चातुर्मास, आणि लाख वाती वळायचा नेम. ओसरीभर कापूस नुसता भुरभुरायचा. सोनबांच्या मिशांत कापूस, भाकरीत कापूस!

त्यामुळं पंधरवड्यानं जास्वंदीच्या बेचक्यांत पांढरं पांढरं दिसलं, तेव्हा सारजाबाईंना नवल वाटलं नाही. “बघा, कुठवर उडालाय माझा कापूस!”

देवाचा कापूस वाया कसा घालवायचा? त्यांनी तो वेचला. वात वळेना, चिकट! तरी नेटानं वळून निरांजनात लावली. वात फटाक्याच्या माळेसारखी तडतडली.

“तुपात पाणी गेलं वाटतं.”

दुसऱ्या दिवशी उरलेला कापूस चालायला लागला.

“अहो, या हिकडं! कापसाला पाय फुटलं!”

सोनबांचे बाप-आजे मेंढरांमागं फिरलेले. त्यांनी पान उलटलं आणि त्यांना हसू आवरेना. “अगं, ह्यो पिठ्या ढेकूण! झाडाचा रस पितोय. आन् ह्या मुंग्या बघ. त्याचा गोड चिकटा चाटत्यात आन् मेंढरागत त्याची राखणबी करत्यात. आपलंच भाऊबंद की!”

सारजाबाईंनी निरांजनाकडं पाहिलं. “म्हंजी काल निरांजनात... अरे देवा! जीव मरू नये म्हणून पाणी गाळून पिते मी, आन् देवापुढंच ढेकणं भाजली!”

“लई न्हाईत. पाच-सातच.”

तेवढ्यात ताजबीचा व्हिडिओ कॉल. “नात झाली गं! ऐतवारी येऊन जाते एक फेरी. जास्वंद दाव.”

सारजाबाईंनी झाड दाखवलं.

“आता मागनं दाव.”

“रेंज... रेंज न्हाई गं!” म्हणत सारजाबाईंनी फोन पालथा घातला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. “खोटंबी बोलले!”

“रडत बसू नगं,” सोनबा म्हणाले. “साबणाचं पाणी कर, कापसानं पानामागचं पुसून काढ. मग निंबोळीचं तेल फवारू.”

“मरत्याल की हो!”

“मेंढरं धुताना गोचडीला इचारतो का आपण? तू झाडाला आंघोळ घाल. ज्याला सोसंल त्यो ऱ्हाईल!”

घरातला सुटा कापूस संपला होता. तबकात फक्त आजच्यातल्या उरलेल्या शंभर वाती होत्या, देवापुढं लावायला वळलेल्या. सारजाबाईंनी गणपतीकडं पाहिलं.

त्यांनी पहिली वात साबणाच्या पाण्यात बुडवली, आणि पहिलं पान उलटलं. वाती शंभर होत्या. पानं बरीच जास्त होती.