कुंदामावशींच्या फेऱ्या

कुंदामावशींकडे शिकवणीला जायचं तर वही-पेन नसलं तरी चालतं, चपला मात्र धड हव्यात. नेरळला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या या बाई बसून शिकवतच नाहीत. पेशीत ऊर्जा तयार होण्याचं ते क्रेब्ज सायकल त्यांनी आमच्या पार्किंगमध्ये आखलंय. सिट्रेट पाण्याच्या टाकीपाशी, सक्सिनेट मीटरच्या पेटीशी, मॅलेट माझ्या स्कूटरशी. एक नाव चुकलं की फेरी पहिल्यापासून.

एमबीबीएसनंतरच्या प्रवेशपरीक्षेत मी एकदा आपटलेली, त्यामुळे माझ्या फेऱ्या भरपूर. इतक्या, की वॉचमन खुर्चीतून ओरडायचा, "डॉक्टर, फ्युमरेट ऱ्हायलं!" त्याला पाठ आणि मला नाही. मी निमूटपणे टाकीपाशी परत जायचे.

मावशी डॉक्टर नाहीत. रक्त-लघवी तपासण्याच्या लॅबमध्ये उभं आयुष्य गेलं त्यांचं. पण जीवरसायन, जनुकशास्त्र आणि संख्याशास्त्र, म्हणजे आम्ही मुलं जे रात्रीत घोकून सकाळी विसरतो तेच नेमकं, त्यांना मुखोद्गत. संख्याशास्त्र त्या वाल सोलताना शिकवत. तेही ओट्याशी उभ्यानंच.

"मूठभर वालात दोन किडके निघाले. सांग, पोतं कसलं?"

"किडकं."

"झालं! एका मुठीवर पोतं फेकून देतेस? आणखी मुठी काढ की गं!"

नमुना किती घ्यावा, चूक किती धरावी, हे सगळं मी सोलता सोलता शिकले. बिरडं मात्र त्यांच्या घरी व्हायचं, माझ्या वाट्याला हिरवी नखं.

एकदा वैतागून मी म्हटलं, "मावशी, परीक्षेत चार पर्याय असतात, एकावर खूण करायची. एवढं खोल कशाला?" तर त्या चालता चालताच म्हणाल्या, "मार्कांसाठी नाय शिकवत मी. उद्या खुर्चीत बसून लोकांना काय सांगशील, त्याची भीती वाटते मला." मला वाटलं, म्हातारीला भाषणाची हौस.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली तेव्हाची गोष्ट. सकाळी फेऱ्या चालल्या होत्या. मावशींनी विचारलं, "आईबाप दोघंही थॅलेसेमियाचे वाहक. पहिल्या पोराला आजार झाला. दुसऱ्याला व्हायची शक्यता किती?"

माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे. म्हटलं, "चारात एकाला होतो ना? तो एक झाला. आता पुढची तिघं सुटली."

मावशी जागच्या जागी थांबल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "प्रत्येक खेपेला चारात एक. दर वेळी नव्यानं," असं हळू म्हणाल्या आणि माझ्या स्कूटरकडे बोट केलं. "किल्ली आण. जायचंय."

कर्जत ओलांडून खालापूरच्या बाजूला एका वाडीतल्या घरी आम्ही पोचलो. वाटेत त्यांनी एकच गोष्ट सांगितली. बारा वर्षांपूर्वी या घरातल्या मोठ्या मुलाचा रिपोर्ट त्यांच्याच हातून गेला होता. त्याची आई पुन्हा पोटुशी होती, घाबरून लॅबच्या दारात उभी. मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचं सोडून मावशींनीच तिला धीर दिला, अगदी माझ्याच शब्दांत. मुलगी झाली. तिलाही तेच निघालं.

ती मुलगी, सायली, अंगणात वेणी घालत होती. तिला रक्त चढवायचा दिवस होता; थॅलेसेमियात ते बाहेरूनच द्यावं लागतं. दर तीन आठवड्यांनी तिला दवाखान्यात मावशीच घेऊन जातात, हे मला त्या दिवशी कळलं. मधेच एखाद्या दिवशी शिकवणी का बुडते, तेही.

तिच्या आईनं, मंदाताईंनी, भाकरी वाढली. मावशी उंबऱ्यातच घुटमळत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "मंदा, ही डॉक्टरीण आज तेच चुकली, जे मी चुकले होते. तुला मी कधी सांगितलं नाय. तेव्हा तुला मी खोटा धीर दिला. कळत नसताना दिला."

मंदाताईंचा तवा चुलीवरच होता. त्यांनी भाकरी उलटली.

"ते मला तवाच कळलं, मावशी. हिचा पैला रिपोर्ट आला त्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुमी खरं सांगितलं असतंत तर मी भ्याले असते. ही पोर ठेवलीच नसती. मोठा गेला तवा हिनंच तर मला जेवायला लावलं." बाहेर बघत त्या हाक मारून म्हणाल्या, "सायले, चल गं, मावशी थांबल्यात."

बारा वर्षं जीव मुठीत धरून जे बोलायचं टाळलं, ते असं भाकरी भाजता भाजता निकालात निघालं. मावशींनी डोळ्याला पदर लावला.

सायलीला रक्त चढवून, घरी सोडून आम्ही परत निघालो. कर्जतच्या अलीकडे मागे बसलेल्या मावशींचा हात माझ्या खांद्यावर आला.

"तू मात्र खरंच सांग हां," त्या म्हणाल्या. "खरं सांग, आणि मग त्यांच्याजवळ थांब. मला थांबायला सुचलं, पण उशिरा."