लतिका आणि राक्षसाची गुहा

हसवायचं किती आणि घाबरवायचं किती, याचं माप अख्ख्या नागपुरात फक्त मला कळतं, असा माझा दावा होता! सत्त्याऐंशी साल. धंतोलीत आमचा कॉम्प्युटर क्लास होता. विद्यार्थी गेले की मी आणि माझा जोडीदार मार्तंड एक गेम लिहीत बसायचो. खेळणाऱ्यानं एक साथीदार घेऊन राक्षसाच्या गुहेत शिरायचं.

भांडण एकच. मार्तंड म्हणायचा, "माणूस मेल्यावर हसाचं काहून गा?"

"अरे, गेम आहे! तेरवी नाही!"

शेवटी वाटणी झाली. अंधार आणि भीती त्याची, मरण माझं!

पहिला खेळाडू आयताच मिळाला. भिवापूरचे मनोहरराव. समोरच्या दवाखान्यात त्यांचा पेशंट होता, म्हणून आमच्या पंख्याखाली येऊन बसायचे. चेहरा पार उतरलेला. म्हटलं, बसवा यांना! जरा हसतील!

मशीननं साथीदाराचं नाव विचारलं. मनोहररावांनी एका बोटानं अक्षरं शोधत टाइप केलं: लतिका.

"मुलगी का?"

"नाही जी, घरची." ते लाजले. "तोंडानं कधी नाव नाही घेतलं. म्हटलं, बोटानं लिवून पाहू. तिकडं ऑपरेशन चालू आहे तिचं."

साथीदार मेला की पडद्यावर माझा जोक येणार होता, आणि पाठोपाठ वरातीच्या बँडसारखी धून!

"मनोहरराव, चहा घेऊ!"

"थांबा मास्तर. तिले अंधाराचं भेव वाटते. पहिले बाहेर काढून देतो."

मी मार्तंडला डोळ्यांनी खुणावलं, बंद कर! त्याला वाटलं, मला जोकची घाई झाली. "काका, डावीकडे वळा!" तो उत्साहानं ओरडला. डावीकडे राक्षस! मी भिंतीवरच्या बटणांवर झेप घेतली आणि बंद केला तो पंखा!

खोलीत चिडीचूप. त्यात ती धून खणखणीत वाजली. मनोहरराव अक्षर अक्षर लावत वाचू लागले, "लतिका... खपली. चला... डब्यातली... एक पोळी वाचली."

ते उठले आणि चपला न घालताच रस्ता ओलांडून दवाखान्याकडे पळाले.

संध्याकाळी परत आले. आम्ही दोघं मान खाली घालून उभे.

"ऑपरेशन झालं. शुद्ध नाही आली अजून." ते थेट मशीनसमोर बसले. "मास्तर, गुहेतून बाहेर निघाचा रस्ता कोणता?"

मार्तंडनं माझ्याकडे पाहिलं. जोकवरून भांडता भांडता रस्ता आम्ही लिहिलाच नव्हता!

"मंग लिवा ना. मी बसून राहतो."

लिहिला. माझे सगळे जोक आधी पुसले. मनोहररावांनी वाचून पाहिलं आणि मान हलवली.

"हा तं निस्ता अंधारच ठेवला तुम्ही. एखादी हसाची गोष्ट टाका. तिले भेव वाटलं का हासते ते."

मी बोटं कीबोर्डवर ठेवली. तशीच राहिली.

लतिकाबाईंना सकाळी शुद्ध आली. जोक मात्र मला अजून सुचलेला नाही!