शाल, श्रीफळ आणि बाद पत्ते

आमच्या शामरावांनी एका तीनतोंड्या राक्षसाचा, दोन चेटकिणींचा आणि एका दलदलीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला आहे. शाल म्हणजे चष्मा पुसायचं फडकं आणि श्रीफळ म्हणजे सुपारी. पण हळदीकुंकू खरं असतं आणि भाषणही खरं असतं. ते लांबतं.

हे सत्कारमूर्ती म्हणजे पत्ते. राजा-राणी-गुलामाचे नव्हेत. परदेशातली एक कंपनी राक्षस, जादूगार, तलवारी असले पत्ते छापते. आपण हवे ते जमवायचे, त्यांतून आपला संच बांधायचा आणि समोरच्याच्या संचाशी झुंजवायचा. एखादा पत्ता फारच बलदंड निघाला, त्याच्यापुढे कुणाचंच काही चालेना झालं, की कंपनी जाहीर करते, आजपासून हा स्पर्धेतून बाद. एखाद्या पैलवानाला जोडच मिळेनाशी व्हावी, तसला प्रकार.

"नालायकाला कोण बंदी घालतंय?" शामराव भाषणात दरवेळी विचारतात. "ताकद हुती म्हणून घरी बसवलंय. टाळ्या वाजवा की!"

आम्ही वाजवतो. न वाजवून सांगता कुणाला!

शामराव शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत माल तपासायला होते. ओतून आलेल्या कास्टिंगवर हातोडीची टिचकी मारायची, कान देऊन आवाज ऐकायचा, आत पोकळी वाटली की लाल रंगाची फुली. निवृत्त झाल्यावर हातोडी कंपनीत जमा केली, पण सवय घरी घेऊन आले. ते नारळ वाजवून घेतात, कलिंगड वाजवून घेतात, इथवर ठीक आहे. पुतणीला बघायला आलेल्या मुलाच्या पाठीवरही त्यांनी दोनदा थाप मारून कान वाकडा केला होता म्हणे. तो मुलगा परत आला नाही.

त्यांच्या पसंतीचे दोनच प्रकार. 'रिजेक्ट', आणि स्वारी फारच खुशीत असली तर 'चालंल'. 'पास' त्यांच्या तोंडून कुणीही ऐकलेलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पास म्हणायचा अधिकार सायबाचा. आपण चुका काढायच्या."

दर रविवारी दुपारी आमच्या पेठेतल्या तालमीच्या माडीवर हा खेळ चालतो. खाली पोरं जोर-बैठका मारतात, वर आम्ही राक्षस झुंजवतो. शामराव पंच. स्वतः खेळत नाहीत. डाव सुरू होण्याआधी प्रत्येकाचे पत्ते उजेडात धरतात, नखाने टिचकी मारतात आणि चक्क कानाला लावतात. बेकरीवाल्या रियाजभाईंच्या एका पत्त्याला एकदा तुपाचं बोट लागलं होतं. शामरावांनी वास घेतला.

"ही काय खारी हाय व्हय? रिजेक्ट!"

"अवो पंच, नुसतं बोट लागलंय!"

"आज बोट लागलंय, उद्या खूण व्हईल. पत्ता पाठीवरनं वळखू आला की ती लबाडी झाली. आणि लबाडी म्या कुणाची बी चालवून घेत न्हाय. माझी बी न्हाय."

मलकापूर सोडून मी एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला कोल्हापुरात आले, तेव्हा माझं इथे कुणीही नव्हतं. दिवसभर लोकांच्या रक्ताशी बोलायचं आणि संध्याकाळी खोलीच्या कुलपाशी. गावी भावाबरोबर खेळायचे ते पत्ते तेवढे सोबत आणले होते. एकदा जिन्यात पिशवी फाटली आणि सगळे पत्ते पायऱ्यांवरून घसरत खालच्या मजल्यावर, शामरावांच्या दारात. त्यांनी एक उचलला, टिचकी मारली.

"कोपरा दुमडलाय ताई. रिजेक्ट." मग पत्ता परत देत म्हणाले, "रविवारी तालमीच्या माडीवर या की."

"तालमीत? बायकांनी?"

"तालीम खाली हाय. वर नुसती अक्कल लागती."

या एका वाक्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्या रविवारी मला या शहरात पहिल्यांदा कुणीतरी 'सरका, ताईंना जागा द्या' म्हटलं. रियाजभाईंनी नानकटाई पुढे केली. घरी येऊन मी किती दिवसांनी शिट्टी वाजवली, माझं मलाच आठवेना.

पत्त्यांची इंग्रजी नावं शामरावांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यांनी बारशी उरकून घेतली आहेत. एक पत्ता टाकला की मागोमाग चार पत्ते हातात येतात, ते 'लग्नघर'. आणि माझ्याकडे होता तो, समोरच्याची अख्खी पाळी गिळून टाकणारा, त्याचं नाव 'सासूबाई'. "ही असली की दुसऱ्याला त्वांड उघडायला मिळत न्हाय," असा त्याचा खुलासा. हा पत्ता भावाने दिलेला, जिन्यात शामरावांनी उचलला होता तोच; दुमडलेला कोपरा दाबून सरळ केल्यावर त्यांनी त्याला 'चालंल' म्हटलं होतं. माझ्या संचात दमदार म्हणावा असा तेवढाच.

तर सत्कार झाला, की शामराव तो बाद पत्ता मालकाकडे मागतात आणि बदल्यात जयसिंगपूरच्या भडंगाची पिशवी देतात. या पत्त्यांचं ते करतात काय, हे कुणाला माहीत नव्हतं. रियाजभाईंना वाटायचं, म्हातारा साठवून ठेवतोय आणि एक दिवस मोठा भाव घेणार. मी थेट विचारलं, तर म्हणाले, "रिजेक्ट माल आम्ही फेकत न्हाय ताई. परत भट्टीत घालतो." मला वाटलं, खरंच जाळतात की काय!

आणि पाच वाजले की डाव कितीही रंगात असो, शामराव उठायचे. "तिची येळ झाली." त्यांच्या बायकोला, मालूवहिनींना, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता एवढं आम्हाला ठाऊक होतं. तेव्हापासून त्या कुणासमोर येत नाहीत, हेही. त्यामुळे आम्ही कुणी त्यांना पाहिलेलं नव्हतं.

मग एके दिवशी कंपनीने सासूबाईंवर बंदी घातली.

रविवारी सत्कार थाटात झाला. फडकं पांघरलं, कुंकवाचं बोट कोपऱ्याला लागलं. आणि शामरावांनी हात पुढे केला. मी म्हटलं, "हा नाही देणार. भावाची आठवण आहे."

"बरं," म्हणाले. जरा वेळाने पुन्हा, "दोन पिशव्या घ्या." मी मान हलवली. पाच वाजता जिन्याशी गेलेले परत आले. "ताई, हा पत्ता मला पायजेच हुता." एक गोष्ट दुसऱ्यांदा न बोलणारा माणूस तिसऱ्यांदा विचारत होता. मी नाहीच म्हटलं. ते गेले, आणि घाईत चष्मा टेबलावरच राहिला.

चष्मा द्यायला मी त्यांच्या दारात गेले. दार लोटलेलं होतं. आत खिडकीशी खुर्चीवर मालूवहिनी बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर पडलेला. पुढच्या टेबलावर एक ओबडधोबड कास्टिंग, त्यावर लाल फुली, मधोमध खाच, आणि खाचेत उभे केलेले पत्ते. प्रत्येकाच्या कोपऱ्याला कुंकू. तीनतोंड्या, दोन्ही चेटकिणी, दलदल, सगळे सत्कारमूर्ती तिथे हजर होते.

समोर शामराव. पहिल्यांदाच त्यांना मी खेळताना पाहत होते, आणि ते कपाळाला घाम येईपर्यंत विचार करत होते. त्यांनी एक पत्ता टाकला. वहिनींनी डाव्या हाताच्या नखाने त्याला टिचकी मारली आणि तोंडाच्या एका बाजूने हसत म्हणाल्या, "रि...जेक्ट." मग तीनतोंड्या खाचेतून काढून पुढे ठेवला. शामराव हरले.

मला बघून ते गडबडले. चष्मा घेतला आणि दाराशी येऊन हळू आवाजात सांगू लागले. "दोन चालींच्या वर तिचा हात चालत न्हाय. दमती. म्हणून म्या आधी मुद्दाम हरायचो. तिनं वळखलं. महिनाभर पत्त्याला हात लावला न्हाय, माझ्याशी बोलली बी न्हाय. शेवटी म्हणाली, जन्मभर दुसऱ्याची लबाडी पकडली आणि आता माझ्यासमोर लबाडी करता व्हय?" त्यांनी चष्मा पुसला. "म्हणून दोन चालींत खरंच जिंकणारे पत्ते लागतात. म्या जीव तोडून खेळतो ताई. तरी हरतो."

"आणि सासूबाई?"

"आता दुसरी चाल बी जड जाया लागलीया तिला. पहिल्या चालीनंतर माझी पाळी गेली, तर तिला तेवढाच दम खायाला मिळंल."

स्पर्धेत जे पत्ते समोरच्याला खेळूच देत नाहीत म्हणून बाद झाले, त्यांच्याच जिवावर या घरात दोघं रोज खेळत होती. मी वर गेले आणि सासूबाईंना घेऊन आले.

पत्ता मी वहिनींच्याच हातात दिला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, नखाने टिचकी मारली, कानाशी नेला. दुमडलेला कोपरा बोटाने चाचपला. वहिनी शामरावांकडे बघून, एकेक अक्षर जुळवत, म्हणाल्या,

"पा...स."

"भडंग आणतो," म्हणत शामराव आत गेले, ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत. डबे उघडल्या-झाकल्याचा आवाज मात्र येत राहिला.

तेवढ्यात वहिनींनी सासूबाईंना खाचेत उभं केलं, शामरावांचे पत्ते डाव्या हाताने माझ्याकडे सरकवले आणि समोरच्या खुर्चीकडे मान हलवली. मी बसले. पत्ते पिसून घेतले. माझ्याच सासूबाईंनी माझी पाळी गिळली, वहिनींनी शांतपणे दम खाल्ला, आणि दुसऱ्या चालीत मी हरले. जीव तोडून खेळले होते. मलकापूर सोडल्यापासून मला इतकं आपलं कुठेच वाटलं नव्हतं.

आता रविवारी पाच वाजले की आम्ही दोघं उठतो.