ढगे सरांचं टेपर ऑफ

ढगे सर सायकलला ब्रेक लावत नसत. पोस्टापाशीच पायडल मारणं सोडत आणि आपल्या फाटकाशी सायकल आपोआप थांबेल अशी अपेक्षा ठेवत. बहुधा ती माझ्या फाटकाशी थांबे. पिपरी मेघे या गावात आमची घरं लागून होती.

सर हायस्कुलात इंग्रजी शिकवत. मी वार्ताहर. माझं इंग्रजी सुधारण्याचा विडा उचलून ते रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर येत. 'टेपर ऑफ' हा त्यांचा लाडका शब्दप्रयोग.

"स्टॉप म्हणजे खाडकन बंद. टेपर ऑफ म्हणजे हळूहळू कमी होत संपनं. हंगाम सरताना सरकी काढायच्या जिनासमोर पाह्य. आधी कापसाच्या बैलबंड्यांची ही लंबी लाइन, मंग चार-दोन, मंग एकच. समजलं का बे?"

तंबाखू त्यांनी अशीच सोडायला घेतली होती. चिमूट लहान होत गेली, चिमटी वाढत गेल्या. बायकोवर, म्हणजे आमच्या काकूंवर, रागावतानाही आवाज उतरता असे. शेवटची वाक्यं त्यांची त्यांनाच ऐकू येत.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्षी माझी नागपूरला बदली झाली. सरांना सांगितलं. "बढिया," म्हणाले. मग ते एक दिवसाआड येऊ लागले. मग ओसरीवर न चढता फाटकातूनच बोलू लागले. शेवटी जाता जाता नुसता हात.

बातमीमागची बातमी काढणारा म्हणून माझा लौकिक होता. निदान मी तसं सांगत असे. मी निष्कर्ष काढला : शाळेच्या गळक्या छपराची माझी बातमी सरांना झोंबली. खुलासा करायला गेलो. घरी काकू एकट्याच तांदूळ निवडत होत्या.

"छप्पर गेलं चुलीत," त्या म्हणाल्या. "भाऊ, तुमची सवय तोडून राह्यले ते. तुम्ही एकदम गेले तं सोसन नाई म्हनते. अन् आता सारी इंग्रजी मलेच शिकवते. तुम्ही लवकर जा बाप्पा!"

सरांच्या पद्धतीने निघायच्या दिवशी भेट शून्यावर यायला हवी होती. सकाळी ट्रक लागला, हमाल सामान चढवू लागले, आणि सर येऊन ओसरीवरच्या खुर्चीत बसले.

"सर, आज तर यायचंच नव्हतं ना?"

"चूप बस. काम कर आपलं."

पलंग चढला, ट्रंका चढल्या, स्टोव्ह चढला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. हमाल खुर्चीपाशी उभा राहून माझ्याकडे पाहत होता. सर रस्त्याकडे. मी हमालाला खुणेनेच जा म्हटलं.

ती खुर्ची नागपूरला आली नाही.