पिकलेला पट्टा

रुबिना बहिणीच्या लग्नासाठी दाभोळला निघाली, तेव्हा कराटेचा क्लास बुडेल म्हणून पाच वर्षांच्या आयातने तिच्याबरोबर जायला साफ नकार दिला. शेवटी पोरीला सासऱ्यांच्या हवाली करून रुबिना म्हणाली, "अब्बा, हिला वेळेवर जेवायला घाला, क्लासला सोडा. आणि मशीनला हात लावू नका."

हुसेन मुकादमांनी मान डोलावली. पण मशीनला हात न लावणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. उभा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलेला. मुलाने, मुझम्मिलने, कुवेतहून सुट्टीवर आला असताना घरात कपडे धुण्याचं मशीन बसवलं होतं. ते मध्येच थांबून उलटं का फिरतं, हे काही कळत नव्हतं, आणि सून जवळ फिरकू देत नव्हती.

त्या संध्याकाळी आयात क्लासवरून आली ती पांढरा पट्टा तांबड्या मातीत लोळवून. हुसेनमियाँना कारण मिळालं. एकट्या पट्ट्यासाठी मशीन कशाला, म्हणून टोपलीतलं हाताला लागेल ते त्यांनी आत टाकलं. त्यात रुबिनाची नवी पिवळी ओढणीही गेली. गरम पाण्याने काय फरक पडतो ते बघावं म्हणून एक बादली गरम पाणीही ओतलं. मशीन सुलटं फिरलं, उलटं फिरलं. हुसेनमियाँ झाकण उघडून आत डोकावत राहिले, इतक्यात वीज गेली. मग काळोखातच त्यांनी कपडे पिळून दोरीवर टाकले.

सकाळी नातीच्या किंकाळीने ते दचकून उठले.

"दादा! माझा पट्टा पिकला!"

दोरीवर पट्टा झुलत होता. हापूससारखा पिवळाधम्मक.

पट्टा पिकण्याची भाषा मूळची हरिश्चंद्र सुर्वे सरांची. मांडवीला एका हॉलमध्ये ते कराटे शिकवत. वर्ष झाल्याशिवाय लहान पोरांना पांढऱ्या पट्ट्यावरून पिवळ्यावर न्यायचं नाही, हा त्यांचा नियम. गावातल्या दुसऱ्या क्लासमध्ये दर दोन महिन्यांनी नवा रंग मिळायचा, त्यामुळे आईबाप सरांच्या मागे लागत. सर म्हणत, "हाडं कोवळी आहेत अजून. रंगाची सवय लागली की पोर कराटे नाय शिकत, नुसतं परीक्षेला बसायला शिकतं." हे पोरांना कळणार नाही म्हणून पोरांना सांगत, "कैरी कशी झाडावर आपोआप पिकते? तसाच तुमचा पट्टा पिकणार. घाई करायची नाय."

आयातने ते शब्दशः धरलं होतं. हुसेनमियाँनी खरं सांगायला तोंड उघडलं. पण पोरगी पट्टा गालाला लावून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचं तोंड आपसूक मिटलं. तेवढ्यात कुवेतचा फोन वाजला. तो आयातनेच उचलला.

"अब्बा, खरंच?" नंतर मुझम्मिलने विचारलं. "पिवळा झाला?"

"पिवळा आहे खरा," हुसेनमियाँ म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं. पण संध्याकाळी मुझम्मिलचा पुन्हा फोन आला, की त्याने खोलीतल्या सगळ्यांना मिठाई वाटली आणि आता पट्ट्यासकट फोटो पाठवा.

क्लासमध्ये आयात शिरली आणि लहान पोरं रांग मोडून तिच्याभोवती जमली. सरांनी पट्टा बघितला.

"आयात, हा कोणी दिला?"

"कोणीच नाय. आपोआप पिकला. तुम्हीच बोलला होतात ना सर?"

साऱ्या पोरांचे डोळे सरांवर. सरांनी हुसेनमियाँकडे पाहिलं, तर ते खिडकीतून समुद्र न्याहाळत होते. पट्टा पिकत नाही म्हणावं तर आपलाच शब्द खोटा पडतो. सर एवढंच म्हणाले, "बरं. बघू."

पुढच्या क्लासला खरी पंचाईत झाली. आयातचा दोस्त बाबल्या पोट खाजवत आला. त्याने पट्टा घरच्या आंब्याच्या अढीत, पेंढ्यात पुरून ठेवला होता. पट्ट्याला चिकाचे काळे डाग पडले होते, घमघमाट सुटला होता आणि आत तांबड्या मुंग्या होत्या. पंच मारता मारता तो मध्येच उड्या मारी. छोट्या गंगाचा पट्टा हळदीत बुचकळलेला, त्यामुळे तिचे हात, कपडे आणि शेजारच्या पोराची मान पिवळी झाली होती. बाबल्याची आई दीपाली तर दारातच कमरेवर हात ठेवून उभी होती.

"सर, अढी विस्कटून अर्धे आंबे तुडवलेन ह्याने! तुम्ही शिकवताव तरी काय? आणि त्या पोरीचा पिकला, तर आमच्याने काय घोडं मारलंन?"

मग हुसेनमियाँना राहवेना. सरांना बाजूला घेऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"मशीनमध्ये?" सर म्हणाले.

"उलटं का फिरतं ते बघायचं होतं."

"मग कळलं?"

"नाय ना! तेवढ्यात लाइट गेली."

सरांना हसू आवरेना. हसू संपल्यावर ते विचारात पडले. "आता पट्टा काढून घेतला तर पोरगी रडेल. ठेवला तर उद्या सगळी पोरं मुंग्या घेऊन येतील. काका, तुम्ही गप्प बसा. मला एक करून बघू दे."

त्यांनी आयातला हाक मारली. "पिवळा पट्टा ना? मग पिवळ्यांच्या रांगेत."

पिवळ्यांच्या रांगेत सातवी-आठवीतली पोरं होती. आयातचं डोकं त्यांच्या कमरेला लागे. ती ऐटीत उभी राहिली. मग त्या रांगेच्या जोर-बैठका सुरू झाल्या, आणि संपेचनात. गप्पा मारायच्या नाहीत, हसायचं नाही, पाणी मागायचं नाही. हॉलच्या दुसऱ्या टोकाला पांढऱ्यांची खेकडा-शर्यत लागली होती. बाबल्या उलटा होऊन चार हातापायांवर तिरपा धावत होता, गंगा त्याच्यावर आदळून लोळत होती. आयात तिकडे बघत राहिली. एकदा बघता बघता तिचा पायही खेकड्यासारखा तिरपा सरकला.

"आयात! समोर!" सर ओरडले.

आपण दोन मिनिटांची हौस केली आणि नातीला शिक्षा झाली, असं हुसेनमियाँना वाटलं. पण आयात रडली नाही. ती ओठ घट्ट दाबून उभी राहिली.

क्लास सुटायच्या वेळी रुबिना दाभोळहून परस्पर हॉलवरच आली. लेकीला कडेवर घेतलं, पट्टा हातात धरला, आणि तिची नजर सावकाश सासऱ्यांकडे वळली.

"अब्बा, ही माझी ओढणी."

"थोडीशी," हुसेनमियाँ पुटपुटले.

आयातला ओढणीत रस नव्हता. ती खाली उतरून सरांपुढे गेली. "सर, हा लवकर पिकलाय. आंबट आहे. मला पांढरा द्या."

"पुन्हा पांढरा? बाबांना काय सांगशील?"

"सांगेन, खेकडा-शर्यत आहे."

सरांनी कपाटातून नवा पांढरा पट्टा काढला. तो कमरेला बांधून होण्याआधीच आयात पळाली आणि बाबल्याला हरवून आली. ते बघून बाबल्यानेही आपला मुंग्यांचा पट्टा सोडून दूर फेकला. दीपालीने तो चिमटीत उचलून मुकाट्याने पिशवीत घातला. फोटो गेला तो पांढऱ्या पट्ट्याचाच. त्यात आयात उलटी होती. मुझम्मिलने खोलीतल्यांना काय सांगितलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

सगळे पांगल्यावर हुसेनमियाँ मात्र दाराशी घोटाळत राहिले.

"काय काका? अजून काय राहिलं?"

"सर, ते तुम्ही पाय उचलता, तेव्हा दुसरा पाय जमिनीवर फिरतो. तो कसा फिरतो? आतून की टाचेतून?"

"ते सांगून नाय कळायचं. करून बघायला लागतं."

"वयाची काही अट?"

पुढच्या आठवड्यापासून पांढऱ्यांच्या रांगेत शेवटी एक उंच, दाढीवाला विद्यार्थी उभा राहू लागला. त्याच्या पोटाला पट्टा पुरेना, तेव्हा आयात पुढे झाली, तिने गाठ ओढून ओढून कशीबशी बसवली आणि बोट नाचवत त्याला दम भरला, "दादा, पिवळा कधी मिळणार म्हणून सरांना रोज विचारायचं नाय हं!"

"बरं," हुसेनमियाँ म्हणाले, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी हात वर केला. "सर, एक शंका."