सावंत बाई बसत नाहीत

आमच्या सावंत बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत कधी बसल्या नाहीत. शिक्षक खोलीत त्या दोन खुर्च्या अडवायच्या, एकीवर स्वतः आणि दुसरीवर पिशवी. पण मुख्याध्यापकांनी "बसा ना बाई" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसान बोलूक मी काय पावणी आसंय? उभ्यानेच बोलू."

आमची लालबागची मराठी शाळा. बाई इतिहासाच्या, राहायला काळाचौकीला, आणि शिक्षक संघटनेच्या शाळेतल्या प्रतिनिधी. मी विज्ञान शिकवते आणि वेळापत्रक करते. वेळापत्रक करणारीशी सगळे गोड बोलतात. बाई तेवढ्या पहिल्याच दिवशी भांडल्या, म्हणून आमची मैत्री झाली.

नवा शिक्षक आला की बाई त्याला जिन्यात गाठून तीन नियम सांगायच्या. साहेबांच्या खोलीत एकट्याने जायचं नाही, बसायचं नाही, चहा घ्यायचा नाही. "बसलं की चहा येतो. चहा आला की बिस्किट येतं. बिस्किट तोंडात असताना 'नाही' म्हणता येतं का? घरी म्हणून बघ."

मी म्हणून बघितलं. येत नाही.

पुरावा म्हणून त्या गणिताच्या जोशी सरांकडे बोट दाखवायच्या. सर एकदा बसले, चहा प्यायले आणि बाहेर आले तेव्हा त्यांची मे महिन्याची सुट्टी गेली होती. पाचवीसाठी मुलं मिळवायला ते वरळीच्या बीडीडी चाळीत दारोदार फिरत होते. स्वेच्छेने! पुढे सरांना त्या चहाची सवय लागली आणि संस्थेला सरांची.

बाईंच्या भांडणांचा फायदा आम्ही सगळ्यांनी घेतला. माझी बाळंतपणाची रजा कापायला निघाले होते, ती बाईंनी उभ्या उभ्या सोडवून आणली. जोशी सरांची अडकलेली वेतनवाढसुद्धा त्यांनीच सोडवली. बदल्यात बाईंना मिळाला चौथ्या मजल्यावरचा वर्ग, गुडघे दुखत असताना. पर्यवेक्षिकेची जागा दोनदा त्यांच्या दारावरून पुढे गेली. "संघटना सोडा, मग बघू," असं त्यांना सांगण्यात आलं.

"मग नकाच बघू," बाई म्हणाल्या आणि चौथा मजला चढून गेल्या.

मग मुख्याध्यापक निवृत्त व्हायला आले. ज्येष्ठतेच्या यादीत पहिलं नाव सावंत बाईंचं. संस्थेला हवे होते जोशी सर. कार्यवाहांनी बाईंना बोलावलं. एकटीने जायचं नाही या नियमाने बरोबर मी गेले. दोघी उभ्या.

कार्यवाहांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "फक्त सही करा. प्रकृतीच्या कारणास्तव आपण हे पद स्वेच्छेने नाकारताय."

बाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "काय झालंय मला?"

"अहो, तशी लिहायची पद्धत असते."

"मग आजाराचं नाव तरी घाला. औषध चालू करते."

मी खोकून हसू दाबलं. कार्यवाहांचा आवाज बदलला. "बाई, वर्ग कमी होतायत. उद्या चार शिक्षक अतिरिक्त ठरले, तर लोक तुमच्याकडेच बोट दाखवतील."

"दाखवू देत. अतिरिक्त कोण, ते ज्येष्ठतेने ठरतं. तुमच्या मर्जीने नाही. आणि एक सांगा, स्वेच्छा माझी, मग मसुदा तुमचा कसा?"

कागद तिथेच राहिला.

शिक्षक खोलीत बातमी आमच्या आधी पोचली होती. बाईंनी ज्यांच्यासाठी भांडणं केली, तेच वह्यांत डोकं घालून बसले. "शेवटची दोन वर्षं राहिलीत, कशाला ताणता?" एवढं एकजण पुटपुटला.

"दोनच राहिलीत म्हणून," बाई म्हणाल्या. "आज मी सही केली, तर उद्या हाच कागद तुझं नाव घालून येईल. संगणकात तयारच आहे."

त्यानंतर शाळा सुटली की त्या शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन उभ्या राहायच्या. तिथेही बसल्या नसणार. संस्थेने तारखा पुढे ढकलून बघितल्या. शेवटी मान्यता आली ती बाईंच्याच नावाने, आणि सावंत बाई त्या खोलीत गेल्या. टेबलाच्या पलीकडे.

पहिल्या आठवड्यात त्यांनी बळजबरीचं 'स्वेच्छेने' बंद केलं. संस्थेचे रविवारचे सक्तीचे कार्यक्रम गेले. कार्यवाह आले की बाई खुर्चीतून उठून उभ्या राहतात. त्यांना वाटतं, मान देतात. मला खरं कारण माहीत आहे.

अडचण वेगळीच झाली. आम्ही शिक्षक त्यांच्या खोलीत जोडीनेच जायचो. उभे राहायचो. चहा नको म्हणायचो. जोशी सरसुद्धा. बाईंनी पढवलेलं अंगात इतकं मुरलं होतं की समोर बाईच आहेत, हे पाय ऐकेनात. शिपाई राणेमामा मधल्या सुट्टीत चहाचा ट्रे न्यायचे आणि जवळजवळ तसाच परत आणायचे.

परवा मी सहामाहीचं वेळापत्रक घेऊन गेले, चुकून एकटीच. टेबलावर दोन कप, एक बिस्किटाचा पुडा. चहावर साय धरली होती.

"एवढी वर्षं पोरांना सनावळ्या पाठ होईनात," बाई कपाकडे बघत म्हणाल्या. "तुम्हाला हे बरं पाठ झालं."

मी वेळापत्रक टेबलावर ठेवलं.

"एकटीक चाय घशाखाली उतरणा नाय गो, वैशाली."

मी खुर्ची ओढली. बाईंनी डोळे वटारले. "बसू नको! माझ्यानंतर या खुर्चीत कोण येईल, काय माहीत? सवय मोडू नये."

मग त्याच उठल्या, गुडघ्यावर हात टेकत टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या. खिडकीशी आम्ही दोघींनी उभ्याने तो गार चहा घेतला. त्यांनी पुडा फोडला आणि एक बिस्किट माझ्या हातात ठेवलं.

"उद्या येशील ना?" बाहेर मैदानाकडे बघत त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडात बिस्किट होतं.